दिवाळीच्या तोरणाला शेवंती घेताना काय बघायचं?

अंगणवेल, कोथरूड
गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी दीड किलो पांढरी शेवंती आणली आणि पिशवीतच राहू दिली. सकाळी बघते तर तळाची फुलं तपकिरी, पाणी सुटलेलं. उरलेल्यांचं तोरण केलं, तर भाऊबीजेपर्यंत पाकळ्या उंबऱ्यावर सांडत होत्या. यंदा लेकीची नव्या घरातली पहिली दिवाळी. तिला दाराला पिवळी-पांढरी शेवंतीच हवीय. फुलं कशी निवडू? आणि माझ्या बाल्कनीतली कुंडीतली शेवंती दोन वर्षं नुसती हिरवीगार वाढते, कळी म्हणून धरत नाही. ते का?

रानवाट
फ्रीजमध्ये ठेवा, टिकतात.

मळेवाली
ताई, नुसतं फ्रीजमध्ये ठेवून भागत नाही. ओली फुलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीत तर तिथेही काळी पडतात.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, आमची शेवंती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायची. परतीचा पाऊस लांबला की आई तोडणीच्या वेळी भिजलेली फुलं वेगळ्या पाटीत टाकायची. भिजलेलं फूल वजनाला जास्त भरतं, पण दोन दिवसांत सडतं. म्हणून आधी हात घालून बघा, फुलं कोरडी लागली पाहिजेत.

मग फूल उलटं करा. समोरून सगळीच शेवंती सुंदर दिसते, वय पाठीमागे कळतं. हिरव्या बोंडाला लागून असलेल्या पाकळ्या सुकून तपकिरी झाल्या असतील तर ते फूल शिळं. मधला भाग अजून घट्ट मिटलेला हवा. तिथे पिवळी पूड दिसायला लागली असेल तर घेऊ नका. हलकं दाबलं की ताजं फूल बोटांना करकरीत लागतं, शिळं मऊ. आणि ढिगाच्या वरची फुलं बघून थांबू नका, तळातली मूठभर काढायला सांगा.

पांढऱ्यात पौर्णिमा आणि पिवळ्यात भाग्यश्री मागा. पांढऱ्यावर दाबल्याचा डाग लगेच दिसतो, म्हणून पांढरी थोडी जास्तच घ्या. घरी आणल्या आणल्या वर्तमानपत्रावर एका थरात पसरा, वरून ओलसर सुती कापड. पाणी शिंपडू नका.

ओवताना सुई झेंडूसारखी तोंडातून घालू नका, त्यानेच पाकळ्या सुटतात. देठ अर्धा इंच ठेवा आणि सुई हिरव्या बोंडातून आडवी काढा. दोरा दुहेरी घ्या. दर चार फुलांनंतर आंब्याचं पान घाला. फुलं एकमेकांवर दाबली जात नाहीत, मधून वारा खेळतो. आमच्या घरी हे तोरण आदल्या रात्री ओवून पहाटे बांधायचे.

कुंडीचं विचारते. बाल्कनीत रात्रभर दिवा जळतो का?

सोनकी, एडिसन
इकडे न्यू जर्सीत सप्टेंबरपासून दुकानांबाहेर शेवंतीच्या गोल घुमटासारख्या कुंड्या लागतात, भोपळ्यांच्या शेजारी. पहिल्या वर्षी पूर्ण फुललेली आणली, दिवाळीपर्यंत वाळून गेली. आता कळ्या जेमतेम रंग दाखवतायत अशीच घेते, आणि पाणी वरून न घालता मातीत घालते. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक ठेवते. मध्ये रांगोळी. घरात मांजर असेल तर मात्र जपा, शेवंती मांजरांना विषारी असते.

अंगणवेल, कोथरूड
दिवा आहे! सोसायटीचा, अगदी कुंडीच्या डोक्यावर. रात्रभर असतो.

मळेवाली
मग तेच कारण. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. पॉलीहाऊसवाले फुलणं पुढे ढकलायचं असलं की मुद्दाम रात्री दिवे लावतात. तुमच्याकडे तेच आपोआप होतंय. कुंडी मागच्या बाजूला न्या, नाहीतर संध्याकाळी सहाला खोक्याखाली झाका आणि सकाळी आठला उघडा. एकही रात्र चुकवू नका. फूल यायला तरी दोनेक महिने लागतील, तेव्हा या दिवाळीला धरू नका. फुलून झाली की झाड खाली छाटा. बुंध्याशी ज्या काश्या, म्हणजे मुळाजवळचे कोवळे फुटवे, फुटतील त्या एप्रिल-मेमध्ये नव्या मातीत लावा. चार आठवड्यांनी शेंडा खुडा, म्हणजे फांद्या जास्त फुटतील. पुढच्या वर्षी लेकीच्या तोरणात निदान ओंजळभर फुलं तुमच्या कुंडीतली असतील.