मदत हवी आहे: एअरबॅग सेन्सरच्या पेटंटचं अपील

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. भाच्याचा मकरपुऱ्याला छोटा वर्कशॉप आहे. त्याचा पेटंट अर्ज 'यात नवं काही नाही, जाणकाराला सहज सुचेल' म्हणून फेटाळलाय.

विषय बाजूने होणाऱ्या धडकेचा. तिथे बोनेटसारखी चेपायला जागा नसते, त्यामुळे एअरबॅग उघडायचा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो. दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर जुनाच, दारांमधल्या खांबावरचा अ‍ॅक्सिलरोमीटरही (धक्का मोजणारा सेन्सर) जुना. आदेशात दोन जुने दस्तऐवज जोडून 'झालं' म्हटलंय. पण पहिल्यात पोकळी बंदच हवी असं लिहिलंय. भाच्याच्या दाराची पोकळी उघडी आहे: खाली पाणी निघायची भोकं, स्पीकरची जागा मोकळी. दार जोरात आपटलं तरी दाब वाढतो. ते आपटणं आणि खरी धडक वेगळी ओळखायला त्यानं दोन वर्षं एकच दार शेकडो वेळा आपटलं, बिजागरी दोनदा बदलली. हे सहज सुचणारं कसं?

२०२१ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणारं मंडळ बरखास्त झाल्यापासून पेटंट कायद्याच्या कलम ११७अ खालचं अपील उच्च न्यायालयात जातं. मुदत तीन महिन्यांची, त्यातला सव्वा महिना गेला.

पहिला दस्तऐवज उलट दिशेला नेतो, हा मुद्दा अपिलात कसा मांडावा? चाचण्यांच्या नव्या नोंदी तिथे घेतात का? असं अपील चालवलेले वकील किंवा पेटंट एजंट कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया कळवा. मराठी, गुजराती काहीही चालेल. पोरगं रात्र रात्र झोपत नाही हो.