आमरस वर्षभर टिकतो, मग मटकीची उसळ का टिकत नाही?

देवगडची बाग: आमचा बचत गट दरवर्षी हापूसचा रस बाटल्यांत भरून, झाकणे पक्की करून उकळत्या पाण्यात ठेवतो आणि तो पुढच्या हंगामापर्यंत उत्तम राहतो. फ्रिजविना टिकणाऱ्या उसळीला मुंबईत मागणी असल्याने मटकीची उसळ निर्वात पाकिटांत भरून तासभर उकळून पाहिली. आठवड्याभरात काही पाकिटे फुगली, काही जशीच्या तशी आहेत. उकळण्याचा वेळ वाढवावा का? न फुगलेली पाकिटे वापरता येतील का?

अन्नतंत्र: सर्वच पाकिटे नष्ट करावीत, चवही घेऊन पाहू नये. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तग धरतात, परंतु पदार्थाचा सामू (पीएच; आंबटपणा जितका जास्त, तितका हा आकडा कमी) ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर ते रुजत नाहीत. हापूसचा रस आंबट असल्याने या मर्यादेच्या आत राहतो आणि म्हणूनच त्याला उकळते पाणी पुरते. उसळीचा सामू मात्र ६ च्या आसपास असतो. त्यात निर्वात पाकीट म्हणजे प्राणवायू नको असलेल्या या जिवाणूची आयतीच सोय, आणि त्याचे विष पाकीट न फुगता, वास न येताही तयार होऊ शकते. येथे वेळ नव्हे, तापमान वाढवावे लागते: पाकिटाच्या मध्याशी, जेथे उष्णता सर्वांत उशिरा पोहोचते, तेथे १२१ अंशांना किमान ३ मिनिटांइतका परिणाम साधला पाहिजे.

रिटॉर्टवाला: घरचा कुकरही साधारण तेवढ्या तापमानाला जातो, त्यामुळे त्यातच पाकिटे ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. मध्याचे तापमान कळायला मार्ग नसतो, शिवाय कुकरचा दाब उतरू लागला की पाकिटाच्या आतला दाब वरचढ ठरून सील उकलते. रिटॉर्ट यंत्रात, म्हणजे बंद पाकिटे दाबाखाली तापवणाऱ्या कारखानी यंत्रात, गार करतानाही बाहेरून हवेचा दाब धरून ठेवतात. पाकीटही वेगळे लागते. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम, बहुधा नायलॉन आणि आतून पॉलिप्रॉपिलीन असे त्याचे थर असतात. भरताना तर्रीचा एखादा थेंब सीलच्या जागी राहिला, तरी वरून पक्की दिसणारी कड आतून कच्ची राहते. ती जागा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय पाकीट सील करणाऱ्या यंत्राखाली धरू नये. सैन्यासाठी अशी तयार जेवणे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली आहेत, म्हणजे तंत्र आपल्याकडे नवे नाही, फक्त ते स्वयंपाकघरात बसणारे नाही.

देवगडची बाग: कोकमाचे आगळ घालून उसळच आंबट केली तर?

अन्नतंत्र: रस्सा लगेच आंबट होईल, पण दाण्याच्या गाभ्यापर्यंत आंबटपणा मुरायला वेळ लागतो, म्हणून दाण्यांसकट वाटून मीटरने सामू मोजावा लागेल. इतकी आंबट उसळ गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेईल, असे मला वाटत नाही. त्यापेक्षा उणे १८ अंशांना गोठवून विकावी, किंवा प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतील सामायिक केंद्रांपैकी कोठे रिटॉर्ट आहे का, याची चौकशी करावी. रसाचा सामूही प्रत्येक घाण्याला मोजत जा, कारण फळ अतिपिकले की आंबटपणा उतरतो. आकडा ४ च्या वर सरकू लागला, तर सायट्रिक आम्ल घालून तो खाली आणावा आणि मगच बाटल्या भराव्यात.