कॅस्केडिया कप चाहत्यांकडेच राहिला, हे बरं झालं का?

पावसाळी_सिएटल: अमेरिकेतले सिएटल साउंडर्स, पोर्टलंड टिंबर्स आणि सीमेपलीकडचा, कॅनडातला व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या तीन फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांनी २००४ मध्ये स्वतःच्या पैशांनी कॅस्केडिया कप हा चषक करून घेतला. वेगळी स्पर्धा नाही. लीगमध्ये आपसांत जे सामने होतात, त्यांतच ज्याचे गुण जास्त, त्याचा कप. पहिल्या वर्षी व्हँकुव्हरने नेला. २०१२ च्या अखेरीस मेजर लीग सॉकरने (एमएलएस, अमेरिका-कॅनडातली सर्वांत वरची लीग) कॅनडात त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी परस्पर अर्ज केला! एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तिन्ही गट परिषद काढून उभे राहिले, आणि २०१३ मध्ये मालकी त्या परिषदेकडे राहिली. माझ्या मते हेच योग्य. पोर आमचं, बारशाला नाव दुसऱ्याने का ठेवावं?

आकडेमोड: भावना पोचल्या. पण २००९ ला सिएटल वरच्या लीगमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये गेला आणि २००९, २०१० ही दोन वर्षं कप उरलेल्या दोघांतच खेळला गेला. २०११ ला तिघे पुन्हा एकत्र आले, तर संघ वाढत गेल्यामुळे वेळापत्रक वाकडं. मग हा सामना मोजायचा, तो नाही. ठरवणार कोण, तर गॅलरीत ढोल बडवणारे. कुठल्याही खेळाडूला विचारा, हा हवा की लीगचं विजेतेपद देणारा एमएलएस कप?

लाकूडतोड्या: आकडेमोडराव, एकदा पोर्टलंडला या. गोल झाला की आमचा शुभंकर टिंबर जोई करवत सुरू करतो आणि ओंडक्याची चकती कापतो. सामना संपल्यावर ती चकती गोल करणाऱ्याच्या हातात. तिची बाजारात किंमत काय? सिएटलविरुद्धची चकती घेऊन जाणाऱ्याचा चेहरा बघा, मग बोलू. आणि ढोलवाल्यांना कमी लेखू नका. २०१९ मध्ये लीगने ‘आयर्न फ्रंट’ या जर्मनीतल्या जुन्या नाझीविरोधी संघटनेच्या चिन्हावर बंदी घातली, तेव्हा पोर्टलंडच्या मैदानावर पोर्टलंड आणि सिएटल, दोन्हीकडचे पाठीराखे ३३ मिनिटं गप्प बसले होते. ती संघटना १९३३ साली नाझींनी मोडली, म्हणून ३३. एवढं ठरवून पाळणाऱ्यांना चार सामने मोजता येणार नाहीत?

तांबडा_पांढरा: मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालमी आणि पेठा. पण चषकाला नाव बहुतेक वेळा पुढाऱ्याचं नाहीतर देणगीदाराचं, त्यामुळं तुमचा हेवा वाटतो. तरी मत आकडेमोडला. दोन पेठांच्या पोरांनी बसून कुठला सामना धरायचा ते ठरवायचं म्हटलं, तर चहा यायच्या आत टेबल उलटं व्हायचं की!

आकडेमोड: बघा, जाणकार माणूस बोलला.

पावसाळी_सिएटल: मोजणीचा घोळ मान्य. हंगामाआधी एकदा जाहीर करा आणि मग कुरकुर नको, एवढं परिषदेला सांगायला मीही तयार आहे. पण त्यासाठी कप लीगला कशाला द्यायचा? उद्या त्यावर विमा कंपनीचं नाव झळकेल. बाकी लाकूडतोड्या, पुढच्या सामन्याला येतोय, तीन तासांची ड्राइव्ह आहे. शर्टाचं तेवढं सांग. तुमचाही हिरवा, आमचाही हिरवा. गेटवर चुकून तुमच्या गर्दीत घुसलो तर घरी कळवा.