अण्णांच्या वाकळेसाठी आजींचे लुगडे

धाकटी सून (पुणे): सर्वांना नमस्कार. अण्णांना वगळून हा वेगळा ग्रुप मुद्दाम केला आहे. मार्गशीर्षात त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आपण सर्वांनी मिळून घरी शिवलेली वाकळ द्यावी, असे माझ्या मनात आहे. शाल-श्रीफळ होईलच, पण शाली त्यांच्या कपाटात आधीच इतक्या आहेत की निम्म्या शालींची घडीही मोडलेली नाही. गेल्या थंडीत मी रोज एक गोष्ट पाहत होते. विकतची जाड रजई ते रात्री अंगावर घेत आणि पहाटे ती पायाशी ढकललेली असे. स्वतः मात्र नुसती चादर गुंडाळून अंगाचे मुटकुळे करून पडलेले असत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "तिच्याखाली जीव घुसमटतो आणि ती अंगाला बिलगत नाही." अंगाला बिलगण्यासाठी कापड वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले असावे लागते. आजींची लुगडी सांगलीला आत्यांच्या ट्रंकेत आहेत, असे अण्णांच्याच बोलण्यात आले होते. आत्या, त्यांतले एखादे या वाकळेसाठी द्याल का, अशी माझी नम्र विनंती आहे.

ताई (ठाणे): कल्पना मला मनापासून आवडली, पण तुझी नोकरी आणि मुलांच्या परीक्षा पाहता हाताने शिवण्याचा हट्ट कशाला, असे वाटते. हल्ली यंत्रावर शिवून देणारे पुष्कळ आहेत. आपण कापड द्यायचे, ते आत पॉलिस्टरचा कापूस घालून आठ दिवसांत रजई हातात देतात, आणि दिसायलाही ती सुरेख असते. शिवाय हाताने शिवायला नक्की किती वेळ लागेल, याचा अंदाज तू घेतला आहेस का?

धाकटी सून (पुणे): ताई, अंदाज घेतला आहे. वाकळ 5 फूट रुंद आणि 7 फूट लांब धरली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर ठेवले, तर काठापासून मध्यापर्यंत 40 फेर होतात. सगळ्या फेरांची लांबी मिळून साधारण 187 वार, म्हणजे 170 मीटर भरते. गेल्या आठवड्यात जुन्या ओढणीचे चार पदर करून मी घड्याळ लावून शिवून पाहिले, तेव्हा तासाला 3 मीटर शिवणे झाले. त्या हिशेबाने 57 तास लागतील. रोज रात्री दोन तास बसले, तर एका महिन्यात वाकळ पुरी होते आणि आपल्या हाताशी अडीच महिने आहेत. पॉलिस्टरचा कापूस मला नकोच आहे, कारण अण्णांना ज्या रजईने घुसमटायला होते, तिच्यात तोच भरलेला आहे.

बेळगावच्या वहिनी: आमच्या बाजूला हिला कौदी म्हणतात आणि बाळंतिणीच्या खोलीपासून म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपर्यंत सगळीकडे ती लागते. माझ्याकडे दोन सहावारी सुती साड्या आहेत, दोन्ही अगदी मऊ झालेल्या. त्या मी आनंदाने देईन. शंका एकच आहे. आमच्या घरातली जुनी कौदी आठ-नऊ पदरांची असल्यामुळे ती झटकायला दोन माणसे लागतात. अण्णांना ती पेलेल का?

धाकटी सून (पुणे): वहिनी, याच कारणासाठी पाचच पदर ठेवायचे ठरवले आहे. वरचा आणि खालचा पदर लुगड्याचा, मधले तीन तुमच्या साड्यांचे. तयार झाल्यावर वजन दीड-पावणेदोन किलोपेक्षा फारसे जास्त होऊ नये. साडीचा पन्हा 45 इंचांचा असतो आणि आपल्याला 60 इंच रुंदी हवी आहे, म्हणून प्रत्येक पदराला एक पूर्ण पन्हा आणि त्याला जोडून अर्धा पन्हा लागेल. शिवणीत मुडपण्यासाठी धरून लांबी 87 इंच घेतली, तर मधल्या तीन पदरांना जवळजवळ 11 वार कापड जाते आणि तुमच्या दोन साड्यांचे मिळून 12 वार होतात. वरच्या-खालच्या पदरांना सव्वासात वार लागतात, म्हणजे नऊवारी लुगडे एकच पुरते.

सांगलीच्या आत्या: सकाळपासून तुम्हा सर्वांचे निरोप वाचते आहे, उत्तर लिहायला धीर होत नव्हता. माझ्याकडे आईची दोनच लुगडी उरली आहेत. एक लाल पदराचे इरकली, सणासुदीला नेसायचे, आणि दुसरे हिरवे, रोजच्या नेसण्यातले. दर वर्षी नवरात्राआधी मी ती उन्हात घालते, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसते आणि पुन्हा ट्रंकेत ठेवते. त्यांना कात्री लावायची, हे वाचूनच माझ्या पोटात कालवले. वाकळ दुसऱ्या कोणत्याही जुन्या साडीची होऊ शकते. पण आईचे लुगडे एकदा फाडले की ते पुन्हा मिळणार नाही. मी कोणावर रागावलेली नाही. फक्त मला काय वाटते, ते तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

धाकटी सून (पुणे): आत्या, तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. मी ग्रुपवर लिहिण्याआधी तुम्हाला एकटीला फोन करायला हवा होता. चूक माझी झाली. तुमच्या मनाविरुद्ध काहीही करायचे नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर माझ्या आईची साडी वापरेन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

मिरजेच्या काकू: वन्सं, मी तुमच्या धाकट्या भावजयीच्या नात्याने लिहिते आहे आणि मला तुमचे दुःख कळते, कारण सासूबाईंची शेवटची दोन वर्षे त्यांच्या उशाशी मी बसलेली आहे. तरीही एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. या घरात आले त्या वर्षी सासूबाईंनी माझ्यासमोर त्यांच्या सासूबाईंचे लुगडे बाहेर काढले, दाताने काठ तोडला आणि सरळ टरकन फाडले. मी घाबरून पाहतच राहिले. त्या म्हणाल्या, "घडीत ठेवलेले कापड घडीवरच विरते, अंगावर राहिले तर टिकते." त्या वाकळेत माझी दोन्ही मुले वाढली. तुम्ही हिरव्या लुगड्याची घडी उलगडून उजेडासमोर धरून पाहा. घडी मोडते त्या रेषेवर सूत विरळ झालेले दिसेल. नसेल झाले तर मी माझे म्हणणे मागे घेते.

आता सूनबाईंसाठी शिवण्याचे थोडे सांगते. लुगडे मिळो वा दुसरी साडी येवो, पद्धत तीच आहे. सगळे कापड आधी गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढायची आणि कडक उन्हात वाळवायचे. प्रत्येक रंगीत तुकड्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का, ते पाहायचे. मी एकदा घाईत लाल खणाचा तुकडा न तपासता लावला आणि पहिल्याच धुण्यात सगळ्या पांढऱ्या अस्तरावर गुलाबी ओघळ उतरले. ती वाकळ मी कोणाला देऊ शकले नाही. फरशीवर पदर अंथरताना प्रत्येक पदराचा जोड वेगळ्या जागी येऊ द्यायचा, नाहीतर जोडावर जोड बसून तिथे दोरखंडासारखी गाठ लागते आणि म्हाताऱ्या हाडांना ती रात्रभर टोचते. चारी कोपऱ्यांवर लाकडी पाट ठेवून कापड ताणायचे आणि आधी वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालायचे. मग कडा आत मुडपून एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि काठाला धरून फेर घेत आत यायचे. काठाकडून आत शिवताना कापडाचा सैलपणा मध्याकडे सरकत जातो. तो दर फेराला तळहाताने पुढे सारला नाही, तर शेवटी मधोमध फुगा येतो आणि इतक्या दिवसांचे काम उसवावे लागते. दाभण अजिबात घेऊ नका, जुन्या सुतात त्याची भोके राहतात. लांब, बारीक सुई घ्या आणि सुती दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या. प्रत्येक गाठ दोन पदरांच्या मध्ये लपली पाहिजे.

ताई (ठाणे): काकू, हे सगळे मी वहीत उतरवून घेतले आहे. यंत्राचा आग्रह मी सोडते. दर शनिवारी मी पुण्याला येईन आणि तिच्यासमोर बसून दुसऱ्या बाजूने फेर घेईन. समोरासमोर दोघी बसल्या, तर ताणही सारखा राहील.

सांगलीच्या आत्या: काल रात्री हिरवे लुगडे उलगडले. काकूंनी लिहिले तसेच निघाले. मधल्या दोन घड्यांवर उजेड आरपार दिसतो आणि बोट लावले तिथे सूत सुटले. दर वर्षी मी ते त्याच घडीवर घडी करून ठेवत आले, हे काल लक्षात आले आणि फार वाईट वाटले. मी टेपने मोजलेही. पूर्ण नऊ वार नाही, आठच भरते, कारण बसण्याच्या जागी विरल्यावर आईने तो भाग काढून मध्ये दंड घातलेला आहे, म्हणजे उरलेले दोन तुकडे जोडलेले आहेत. तुमच्या हिशेबाला सव्वासात वार लागतात, म्हणजे पाऊण वार उरतो. घड्यांवर विरलेल्या जागा कशा वाचवायच्या, ते मात्र काकूंनी सांगावे.

हिरवे लुगडे मी देते. इरकली माझ्याकडेच राहील. उरलेला पाऊण वार पदराच्या टोकाचा असू द्यावा आणि तो मला परत मिळावा. आणखी एक सांगायचे आहे. काठापासून वीतभर अंतरावर चुलीच्या ठिणगीने पडलेले भोक आहे. आईने ते तांबड्या दोऱ्याने रफू केलेले आहे, कारण त्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता आणि दुकानातून रीळ आणायला अण्णाला पाठवले, तर तो वाटेत खेळत राहिला आणि दिवेलागणीला रिकाम्या हाताने परतला. ते रफू झाकू नका. वाकळेच्या वरच्या बाजूला, उशाकडे, त्याचा हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी येऊ द्या.

मिरजेच्या काकू: विरलेल्या जागांच्या मागे बेळगावच्या साडीची चार बोटांची पट्टी आधी टाचून घ्या आणि तेवढ्या भागात ओळी अर्ध्या इंचावर घ्या, बारीक टाक्यांनी विरलेले सूत धरून राहते. सध्या पितृपंधरवडा जवळ आला आहे, तेव्हा कापड धुऊन, वाळवून, मापे घेऊन ठेवा आणि पहिला टाका घटस्थापनेला घाला. पूर्वी आपण याच दिवसांत कृष्णेच्या घाटावर घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला नेत होतो. भिजलेली वाकळ पिळायला दोन्ही टोकांना दोघी लागत, आणि वन्सं, तुमच्या समोरचे टोक नेहमी माझ्याकडे असे.

धाकटी सून (पुणे): आत्या, लुगडे कुरिअरने पाठवू नका. रविवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः सांगलीला येते. कात्री आणि टेप सोबत आणते, म्हणजे पदराचा पाऊण वार तुमच्यासमोरच वेगळा करता येईल आणि पहिली चीर कुठून द्यायची, ते तुम्ही दाखवाल. परतण्याआधी मिरजेला जाऊन काकूंकडून गाठ लपवायची पद्धत पाहून घेईन. वहिनी, तुमच्या साड्या शनिवारपर्यंत काकूंकडे पोहोचल्या, तर मी त्याही उचलते. अण्णांना मी सांगितले आहे की आत्यांकडे लोणच्याची बरणी आणायला जाते आहे, म्हणून आत्या, एक बरणी तेवढी भरून ठेवा.