फोनने 'टिंग' करण्याऐवजी बोलावं का?

मनमौजी:
फोनसोबत आलेला 'टिंग' मी कधीच काढून टाकला. आता बँकेचा मेसेज आला की एक रोबोटी बाई अतिशय गंभीरपणे म्हणते, "पैसे हलले!" ऑफिसच्या ग्रुपला "साहेब जागे आहेत", आईच्या मेसेजला "आधी उत्तर दे". सगळं टेक्स्ट-टू-स्पीचवर केलेलं. वाक्य टाइप करायचं, आवाज निवडायचा, एमपी३ उतरवायची, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्राममध्ये आगापिछा कापायचा आणि फाइल अँड्रॉइडच्या 'नोटिफिकेशन्स' फोल्डरमध्ये टाकायची. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशन चॅनल, म्हणजे अ‍ॅपमधल्या सूचनांचे वेगवेगळे गट, आले, त्यामुळे अ‍ॅपने सोय ठेवली असेल तर एकाच अ‍ॅपच्या वेगवेगळ्या सूचनांनाही वेगळा आवाज देता येतो.

हा नुसता टाइमपास नाही. 'टिंग' वाजल्यावर मेसेज कोणाचा, कशाबद्दल, काही कळत नाही. म्हणून आपण फोन उचलतो, आणि उचलला की तो सहजी खाली ठेवला जात नाही. बोललेलं वाक्य हसवतं आणि फोन खिशातच राहतो. सगळ्यांनी करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

कानसेन:
ठाम असहमत. माणसाचं बोलणं, किंवा बोलण्यासारखं काहीही, कानावर पडलं की मेंदू त्यामागे धावतोच. कोल आणि वेल्श या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रयोगातून दाखवलं की मागे न कळणाऱ्या भाषेत कोणी बोलत असलं तरी लक्षात धरलेला अक्षरांचा क्रम निसटतो. नुसत्या गोंगाटाने तसं होत नाही, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे हिशोब करणाऱ्या माणसाशेजारी तुमची रोबोटी बाई बोलली की त्याचा हिशोब गेला.

शिवाय विनोद पहिल्यांदा विनोद असतो. दिवसभर तोच वाजला की शेजारच्याला भुणभुण. जुन्या नोकिया फोनवरचा मेसेजचा आवाज आठवा: तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. मोर्समध्ये ते 'एसएमएस' होतं. ज्याला कळलं त्याला गंमत, ज्याला नाही कळलं त्याला साधी बीपबीप, कोणाच्या कामात खोडा नाही. गंमत करायची तर अशी करावी.

मनमौजी:
कोल-वेल्शच्या प्रयोगात बोलणं मागे सतत चालू होतं. माझं वाक्य सेकंदभराचं. दोन्ही एका मापाने कशी मोजता?

चकली_नको_चाक_द्या:
+१ मनमौजी. दोन सूचना. हिंदी आवाजाला मराठी मजकूर देऊ नका, 'चला'मधला 'च' हिंदी वळणाचा येतो आणि मजाच जाते. मराठी आवाज निवडा. आणि ब्लूटूथ इअरफोन वापरत असाल तर सुरुवातीची शांतता पूर्ण कापू नका. इअरफोन जागा होईपर्यंत पहिलं अक्षर गिळलं जातं, "पैसे हलले"चं "से हलले" होतं. थोडी मोकळी जागा ठेवा. आयफोनवाल्यांचे मात्र हात बांधलेले: मेसेज, मेल अशा ठरावीक गोष्टींचाच आवाज बदलता येतो, बाकी अ‍ॅपने दिलेला आवाज मुकाट ऐकायचा.

स्पर्शवाचक:
मला दिसत नाही. टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरमुळे (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) माझा फोन दिवसभर बोलतच असतो, त्यामुळे या वादात मी दोन्हीकडे आहे. स्क्रीन रीडर एक ओळ वाचतोय आणि त्यावर "साहेब जागे आहेत" पडलं तर दोन्ही वाया जातात. पूर्ण वाक्याची नोटिफिकेशन मला चालत नाही. पण नुसता 'टिंग'सुद्धा कुचकामी, तिथे मनमौजींचं खरं आहे.

यावर एक रस्ता आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'स्पीअरकॉन' मांडले: बोललेला शब्द इतका वेगवान करायचा की तो बोलणं वाटतच नाही, पण प्रत्येक शब्दाचा ठसा वेगळाच राहतो. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' वापरा, म्हणजे वेग वाढतो आणि पट्टी तीच राहते. "आधी उत्तर दे"चा एक छोटा चिवचिवाट होतो. तो कोणाच्या मेसेजचा आहे हे तुमच्या कानाला चटकन सवयीचं होतं आणि खोलीतल्या बाकीच्यांना काही कळत नाही. बँकेच्या मेसेजसाठी तर हे हवंच. तुमचे पैसे हलले हे लिफ्टमधल्या सगळ्यांना कशाला सांगायचं?

कानसेन:
हे पटलं. असा चिवचिवाट असेल तर माझी हरकत नाही. पूर्ण वाक्यावरची हरकत कायम आहे, सेकंदभराचं असलं तरी, कारण तो सेकंद कधी येणार हे शेजारच्याच्या हातात नसतं.

मनमौजी:
बँकेचा आवाज आजच बदलतो, लिफ्टचा मुद्दा बिनतोड आहे. बाकीची वाक्यं घरी तशीच राहतील. ऑफिसात फोन सायलेंटवर असतो, तिथे शेजारच्याचा प्रश्न येत नाही.

नवखा_पाहुणा:
मित्राच्या आवाजाचं क्लोन करून त्याच्याच मेसेजला लावलं तर? काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवर होतं म्हणे.

कानसेन:
त्याला विचारल्याशिवाय अजिबात नको. तो आवाज एकदा एखाद्या साइटवर चढवला की पुढे त्याचं काय होतं ते तुमच्या हातात नाही, आणि आवाज तुमचा नाहीच.

मनमौजी:
इथे मी पूर्णपणे कानसेनांच्या बाजूने. तयार रोबोटी आवाज हवे तेवढे आहेत. मित्राचाच हवा असेल तर त्याच्यासमोर फोन धरा आणि त्यालाच वाक्य बोलायला सांगा.