विंचवाचं बिऱ्हाड आणि बिअरच्या टाक्या: तीन वर्षांच्या शेडमध्ये ब्रुअरी काढावी का?

माल्टेश (धागाकर्ता)
पिरंगुटजवळ ओळखीने एक पत्र्याची शेड मिळतेय. अडीच हजार चौरस फूट, थ्री फेज कनेक्शन, बोअरला पाणी. मेख एकच: तीन वर्षांनी जमीन बिल्डरकडे जाणार, तेव्हा मुकाट्याने बाहेर पडायचं. म्हणून भाडं आजूबाजूच्या निम्मं.

घरचे, सीए, सासरे, सगळ्यांचा एकच सूर: वर्षं मोजून मिळालेल्या जागेत कोणी कारखाना काढतं का? मी म्हणतो, काढावा. कायमची जागा घेतली की पैसा भिंतीत जातो, मग माल्ट-हॉप्ससारखा कच्चा माल उधारीवर. माझा बेत पाचशे लिटरचा सेट आणि चार टाक्यांचा. एल प्रकारची बिअर दोन आठवड्यांत तयार होते, म्हणजे महिन्याला आठ बॅच, चार हजार लिटर. सगळं नटबोल्टवर, भिंतीत काहीही गाडायचं नाही. मुदत संपली की क्रेन आणि दोन ट्रक. पुण्यात २००९ मध्ये डुलॅली नावाची ब्रुअरी सुरू झाली तीही एका हॉटेलच्या आवारातच ना?

झोडपा.

कोबा_फरशी
झोडपतो. हॉटेलचं आवार आणि पत्र्याची शेड एका तागडीत घालू नका.

टाक्या हलतात हो, फरशी हलत नाही. ब्रुअरी म्हणजे नव्वद टक्के धुणीभांडी. एक लिटर बिअरमागे पाच ते सात लिटर पाणी जातं, पाचशेच्या बॅचला तीनेक हजार लिटर. बिअर होऊन बाहेर पडतं ते सोडलं तर बहुतेक पाणी जमिनीवरून वाहणार. त्यात टाक्या धुवायचं कॉस्टिक, त्यात यीस्टचा चिखल. म्हणजे ढाळ हवा, मधून नाली हवी, आम्ल खाणार नाही असा थर हवा. शेडला असतो साधा कोबा. वर भरलेली टाकी पाऊण टनाची, तीही चार पायांवर. कोबा तडकला की फटीत गोड पाणी मुरतं आणि आठवड्यात आंबूस वास. तो फिनेलने जात नाही.

मी चक्क्याचा धंदा अशाच शेडमध्ये काढला होता. मालकाला वाटलं, हा टिकणार. फरशी, नाली, टाइल्स, सगळं माझ्या खर्चाने. अकरा महिन्यांचा करार, दुसऱ्या वेळी नूतनीकरणाला नकार. माझ्या नालीवर आता टायरवाला बसतो.

माल्टेश
@कोबा_फरशी, टायरवाल्याचं वाचून पोटात गोळा आला. पण मी कोब्याला हातच लावणार नाहीये. त्याच्यावर लोखंडी चौकटीचा मंच, खाली स्टीलचे ट्रे, पाणी पाइपने बाहेरच्या टाकीत. जाताना मंचही बरोबर. आणि माझा करार अकरा महिन्यांचा नाही, ३६ महिन्यांचा, नोंदणी करून.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर
इकडचा दाखला देतो. लंडनमध्ये बर्मंडसीला रेल्वेच्या कमानींखाली बऱ्याच ब्रुअऱ्या आहेत. कर्नल नावाची प्रसिद्ध ब्रुअरी २००९ मध्ये अशाच एका कमानीत सुरू झाली, चीज आणि हॅमवाल्यांबरोबर जागा वाटून घेऊन. कमान ओलसर, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी लोकल, म्हणून भाडं स्वस्त. शनिवारी लोक एका कमानीतून दुसरीत जात पितात, आमच्याकडे रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या फिरतात तसे.

पुढचं पण ऐका. २०१९ मध्ये रेल्वेने हजारो कमानी १.४६ अब्ज पौंडांना गुंतवणूकदारांच्या हवाली केल्या. भाडी वाढली, भाडेकरूंनी बोंब मारली. ज्या बिअरने तो भाग नावारूपाला आणला तिच्यामुळेच जागा महागली. तरी माझं मत धागाकर्त्याकडेच. स्वस्त कमान नसती तर यातले निम्मे लोक अजून घरच्या स्वयंपाकघरातच उकळत बसले असते.

हिशेबनीस
कोल्हापूरकर, तुमच्याकडे ब्रुअरला कर खात्याची मंजुरी घेऊन सुरुवात करता येते. इथे उत्पादन शुल्क खातं आहे. परवाना जागेच्या नकाशासकट मिळतो. टाकी कुठे, नाली कुठे, दार कुठे, सगळं कागदावर. जागा बदलली की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. माल्टेश, तुमच्या क्रेनला दोन दिवस लागतील, त्या फाइलला किती लागतील? तोवर भाडं, बँकेचा हप्ता, ब्रुअरचा पगार चालू, आणि विकायला थेंब नाही. तीन वर्षांतलं पहिलं परवान्यात, शेवटचं आवराआवरीत. मध्ये उरतं काय? तुम्ही सगळे फरशीवर भांडताय, मला फरशी दिसतच नाहीये.

जागेचा मोह सोडा. दुसऱ्याच्या परवाना असलेल्या ब्रुअरीत आपली बिअर बनवून घ्या. बिरा ९१ ही बिअर २०१५ मध्ये आली तेव्हा बेल्जियममध्ये बनून येत होती. कोपनहेगनचा मिकेलर हा ब्रँड तर कित्येक वर्षं स्वतःची ब्रुअरी नसताना जगभर नाव कमावून बसला.

ताकपिऊ
मधला मार्ग: घरीच वीस लिटरची बादली? (पळतोय)

हिशेबनीस
१९४९ चा दारूबंदी कायदा वाचून मग पळा. परवान्याशिवाय बनवणं हाच गुन्हा, बादली कितीही लहान असो.

आजीचा_बटवा
मला एक कळत नाही. गावोगावच्या बायका दारूचं दुकान बंद करायला मतदान करतात, आडवी बाटली निवडून आणतात, आणि आपण इथे उभी बाटली कुठे ठेवावी याची चर्चा करतोय. क्राफ्ट म्हटलं की दारूची कला होते का?

माल्टेश
ताई, तुमचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे, आणि तिथे मी कदाचित तुमच्या बाजूने बोलेन. इथे नाली आणि परवाना एवढंच.

@हिशेबनीस, परवान्याचं गणित मी खरंच हलकं धरलं होतं, कबूल. पण दुसऱ्याच्या टाकीत माझी बिअर म्हणजे एप्रिलमध्ये त्याचा चिलर बंद पडला तर मला कळणार कधी? एल अठरा ते वीस अंशांत आंबली पाहिजे. अठ्ठावीसला गेली की नेलपॉलिशचा वास येतो. रात्री दोनला उठून तापमान बघणारा माणूस मीच हवा.

कोबा_फरशी
आणि गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेल्यावर?

माल्टेश
थंडावा देणाऱ्या ग्लायकॉलची टाकी मोठी घेतोय, वर जनरेटर. गुरुवार धरूनच आखलंय राव, पुण्यातच जन्मलोय.

कोबा_फरशी
बरं, माल्टच्या उरलेल्या चोथ्याचं काय? एका बॅचला शंभरेक किलो ओला चोथा. पत्र्याखाली दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आंबट घाण सुटते.

माल्टेश
शेजारच्या गोठेवाल्याशी बोललोय. सकाळी सहाला टेंपो आणेल म्हणाला, म्हशींना आवडतो. पैसे मात्र मागू नका म्हणाला.

हिशेबनीस
म्हशी तीन वर्षांनंतरही तिथेच असतील, तुम्ही नाही. बिल्डरकडून लेखी घ्या की परवाना मिळेपर्यंतचे महिने मुदतीत धरणार नाही. तो सही करत नसेल तर निम्मं भाडंही महाग.

माल्टेश (चार दिवसांनी)
अपडेट. बिल्डर लेखी द्यायला 'बघू' म्हणाला. शेडवर जाऊन मधोमध बादलीभर पाणी ओतलं. ढाळ आहे की! सगळं पाणी सरळ मालकाच्या केबिनच्या दारात गेलं.