इपॉक्सी सोलपटते ती बहुधा खालच्या ओलीमुळे
इपॉक्सी (जमिनीवर देतात तो दोन घटक मिसळून बनवलेला कडक रेझिनचा थर) सोलपटतेच, त्यामुळे गॅरेजच्या जमिनीला साधा फ्लोअर पेंट पुरे, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. पातळ पेंट तर गरम टायरला चिकटून त्याहून लवकर निघतो. दोष बहुधा कोब्यातल्या ओलीचा असतो. कोकणातल्या आमच्या घरी रंगाआधी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर, म्हणजे किमान 16 तास, ठेवले, तेव्हा सकाळी त्याच्या आतल्या बाजूस थेंब धरले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. अशी जमीन पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर इपॉक्सी घालूच नये. काँक्रीट नवे असल्यास किमान 28 दिवस थांबावे, आणि वरचा गुळगुळीत थर ॲसिडने धुण्याऐवजी ग्राइंडरने घासून काढावा, कारण धुण्याचे पाणी पुन्हा आतच मुरते.